तळेवाडीचे वटवाघूळ : एका पत्त्याचा इतिहास

खानापूर तालुक्याच्या इतिहासावर आपल्या मंडळात आजवर पुष्कळ बोलणे झाले आहे. भीमगड झाला, हलशीची कदंबकालीन देवळे झाली, जांबोटी-कणकुंबीचे घाटरस्ते झाले. पण जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत खानापूर तालुक्यातले एक गाव शंभराहून अधिक वर्षे छापले जाते आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ते गाव म्हणजे तळेवाडी. छापले जाते ते एका वटवाघळामुळे.

‘वटवाघळाचा कसला ओ इतिहास?’ असे कुणी विचारील. बरोबर आहे. वटवाघळाला वंशावळ नाही की सनदा नाहीत. पण ते पकडणाऱ्या माणसांना इतिहास आहे, पकडण्याच्या रीतीलाही आहे, आणि जिथे पकडले त्या जागेला तर आहेच. या टिपणात मी हे तिन्ही धागे एकत्र मांडणार आहे. शेवटी एक विनंतीही आहे. ती आपल्या मंडळाच्या कामाशी संबंधित आहे आणि तिला घाई आहे.

सर्वेक्षण कसे निघाले

1883 साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठ संस्थापकांत दोन भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. दोघेही मराठी समाजाला चांगले परिचित. या संस्थेने 1911 मध्ये हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांचे एक मोठे सर्वेक्षण हाती घेतले. मधल्या महायुद्धात खंड पडत ते 1923 पर्यंत चालले. त्यामागची मुख्य प्रेरणा रॉबर्ट चार्ल्स रॉटन यांची. रॉटन 1871 ते 1904 वनखात्याच्या नोकरीत होते. मुंबई इलाख्यातली जंगले त्यांच्या पायाखालची. मुंग्या आणि विंचू हाही त्यांचा आवडीचा विषय. निवृत्तीनंतर ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून सस्तन प्राण्यांचा अभ्यास करीत. तिथे त्यांच्या लक्षात आले, की वाघ, गवा, सांबर यांची कातडी-शिंगे भरपूर आहेत, पण उंदीर, चिचुंद्री, खारी आणि पाकोळ्या यांचे नमुने मात्र फारच तुटपुंजे आहेत. शिकारी माणूस उंदीर कशाला मारील?

सर्वेक्षणाची सुरुवात खानदेशापासून झाली. मग पगारी संग्राहक एकेका मुलुखात पाठवले गेले. त्यांपैकी एक होता स्टॅन्ली हेन्री प्रेटर. जन्म 1890 चा, निलगिरीतला. 1907 मध्ये तो सोसायटीत नोकरीला लागला. 1912 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो आपल्या सह्याद्रीच्या या कोपऱ्यात आला आणि तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत त्याला एक वेगळेच वटवाघूळ मिळाले.

हाच प्रेटर पुढे 1923 पासून दोन तपे सोसायटीचा क्युरेटर होता. अँग्लो-इंडियन समाजाचा प्रतिनिधी म्हणून तो घटना समितीवरही होता. भारतीय प्राण्यांवरचे त्याचे 1948 चे पुस्तक आजही निसर्गप्रेमींच्या कपाटात असते.

1912 मध्ये वटवाघूळ कसे पकडत

आज ‘पकडणे’ म्हटले की आपण जिवंत पकडणे समजतो. त्या काळी त्याचा अर्थ मारणे असाच होता. संध्याकाळी उडणाऱ्या वटवाघळांवर बारीक छऱ्यांची बंदूक चालवत. छरा मोठा असला तर हातात काही शिल्लकच राहत नाही. गुहेतली वटवाघळे हातजाळ्याने, काठीने, कधी नुसत्या हाताने धरत. उजेडाला कंदील.

मग खरे काम सुरू होई आणि तेही त्याच दिवशी, कारण आपल्याकडच्या हवेत मांस टिकत नाही. आधी मापे घ्यायची : डोके आणि धड मिळून लांबी, शेपूट, मागचे पाऊल, कान. मग कातडे उलटून काढायचे, आतून आर्सेनिकचा साबण फासायचा, कापूस भरायचा. कवटी वेगळी काढून साफ करायची, कारण जात ठरते ती बहुधा दातांवर आणि कवटीवर. काही नमुने अखंडच मद्यार्कात बुडवून ठेवायचे. शेवटी प्रत्येकाला चिठ्ठी बांधायची : क्रमांक, नर की मादी, ठिकाण, तारीख, संग्राहक.

त्या चिठ्ठीकडे जरा थांबून बघू या. तिच्यावर संग्राहकासाठी जागा होती. गुहेची वाट दाखवणाऱ्यासाठी नव्हती. ‘अमक्या घळीत पाकोळ्या आहेत’ असे सांगणाऱ्यासाठी, पेट्या वाहणाऱ्यासाठी, शिकून तयार होऊन रात्री जागून कातडी सोलणाऱ्या मदतनिसासाठीही नव्हती. सह्याद्रीच्या दाट रानातली गुहा परक्या माणसाला आपण होऊन सापडत नाही, हे तिकडे फिरलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. चिठ्ठीने गावाचे नाव मात्र टिपले. माणसांच्या नावांच्या जागी तेवढेच उरले.

लंडनमधले बारसे

नमुना लंडनला गेला आणि ऑल्डफील्ड थॉमस यांच्या टेबलावर पोचला. ब्रिटिश म्युझियममधल्या या गृहस्थाने आयुष्यात दोन हजारांहून अधिक सस्तन जाती-उपजातींना नावे दिली. 1913 मध्ये त्यांनी सोसायटीच्या जर्नलमध्ये तळेवाडीच्या वटवाघळाचे वर्णन छापले आणि रॉटन यांच्या नावावरून त्याला ‘निक्टिनोमस रॉटनाय’ म्हटले.

आता गंमत बघा. हा प्राणी इतरांहून इतका निराळा होता, की त्याच वर्षी थॉमस यांनी त्याच्यासाठी ‘ओटोमॉप्स’ ही वेगळी प्रजातीच मांडली. नावाचा पहिला भाग कानासाठीच्या ग्रीक शब्दावरून आला आहे आणि तो अगदी योग्य आहे. याचे कान मोठे आणि पुढे झुकलेले. कपाळावर ते एकमेकांना जोडले गेले आहेत, त्यामुळे समोरून टोपी घातल्यासारखे दिसते. अंग गडद तपकिरी, तुळतुळीत. मानेवर आणि खांद्यांवर फिकट करडा पट्टा. पुढच्या बाहूचे हाड साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे कीटक खाणाऱ्या वटवाघळांत हे चांगले थोराड. शेपटीचा बराच भाग पडद्याबाहेर मोकळा असतो, म्हणून याला मुक्तपुच्छ म्हणतात.

आफ्रिकेतली अशीच एक जात 1897 मध्येच नोंदली गेली होती. पण प्रजाती उभी राहिली ती तळेवाडीच्या नमुन्यावर. पुढे मादागास्कर, जावा, न्यू गिनी इथल्या जाती या प्रजातीत येत गेल्या. शास्त्राच्या नियमाप्रमाणे प्रजातीची आधारभूत जात मात्र आपलीच. आफ्रिकेतल्या ओटोमॉप्सवर कुणी बारकाईने लिहू लागला, तर त्याला मागे जात जात खानापूर तालुक्यापर्यंत यावेच लागते.

आपण सीमाभागातली माणसे पत्ते बदलायला सरावलेली आहोत. 1912 मध्ये तळेवाडी मुंबई इलाख्यात होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात आली, 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात गेली, 1973 मध्ये त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. 2014 मध्ये बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. एवढ्या उलथापालथीत त्या चिठ्ठीवरचे गाव तेच राहिले : तळेवाडी.

एकच घर

यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे जगात दुसरीकडे कुठेही हे वटवाघूळ मिळाल्याची नोंद झाली नाही. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंद्रे ब्रॉसे यांनी 1960 च्या सुमारास पश्चिम आणि मध्य भारतातली वटवाघळे हिंडून अभ्यासली आणि 1962-63 मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यावर दीर्घ लेखमाला लिहिली. कातड्यापलीकडे जाऊन वटवाघूळ कुठे राहते, केव्हा विते, कुणाच्या शेजारी लटकते, हे त्या लेखमालेमुळे नीट कळू लागले. तरी रॉटनच्या वटवाघळाचा पत्ता बारापेडे हा एकच राहिला.

असे का झाले असावे? माझ्या मते याचे मोठे कारण पकडण्याच्या रीतीत आहे. मुक्तपुच्छ वटवाघळांचे पंख लांब आणि अरुंद असतात. ती पाकोळीसारखी झाडाझुडपांतून गिरक्या घेत नाहीत. उंच, वेगाने, मोकळ्या आभाळात, झाडांच्या शेंड्यांवरून उडतात. जमिनीवरच्या माणसाच्या जाळ्यात ती येणार कशी? दिवसा गुहेच्या फटींत सापडली तरच सापडायची. म्हणजे जिथे गुहा माहीत तिथेच वटवाघूळ माहीत. हा प्राणी दुर्मीळ आहेच, पण त्याच्या दुर्मीळपणाचा काही भाग आपल्या जाळ्याच्या उंचीने ठरवला होता.

याची दुसरी बाजू जास्त काळजीची. एकच ज्ञात गुहा असेल तर प्रत्येक अभ्यासक तिथेच जाणार, आणि प्रत्येकाने चार नमुने नेले तर? वटवाघळाची मादी सहसा वर्षाला एकच पिल्लू देते. उंदरासारखी भरपाई होत नाही. विण्याच्या दिवसांत गुहेत कंदील-टॉर्च घेऊन माणसे शिरली, धूर झाला, तर माद्या उडतात आणि पिल्ले खाली पडतात. संग्रहाची जी रीत खानदेशातल्या उंदरांच्या बाबतीत निरुपद्रवी होती, तीच बारापेडेत धोक्याची ठरू शकत होती.

2001 आणि 2002 मध्ये छापलेल्या टिपणांतून दोन नवे पत्ते कळले : कंबोडियातला प्रेह विहियर प्रांत आणि आपल्या देशातले मेघालय. पुढे मेघालयाच्या जैंतिया टेकड्यांतल्या गुहांतही ते आढळले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने आधी त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ म्हटले होते. 2008 मध्ये ते ‘माहिती अपुरी’ या वर्गात गेले. यात आनंद मानायचा की नाही, हे तुम्हीच ठरवा.

बंदुकीपासून कानापर्यंत

आज रानात वटवाघूळ कसे पकडतात, तेही सांगतो, म्हणजे शंभर वर्षांतला फरक समोर येईल.

मुख्य साधन धुके-जाळे. केसासारख्या बारीक काळ्या धाग्याचे, सहा ते बारा मीटर लांब, दोन-अडीच मीटर उंच, मध्ये आडव्या दोऱ्यांनी सैल झोळ्या केलेले. हे जपानी पक्षी पकडणाऱ्यांचे तंत्र. सालिम अलींच्या देखरेखीखाली 1959 मध्ये सुरू झालेल्या पक्षिस्थलांतर प्रकल्पामुळे ते आपल्याकडे चांगले रुजले. वटवाघळांसाठी ते ओढ्यावर, रानवाटेवर, पाणवठ्यावर दिवेलागणीला लावतात. एकदा लावले की तिथून हलायचे नाही. पाच-दहा मिनिटांनी पाहावेच लागते, नाहीतर वटवाघूळ जाळे कुरतडून जाते किंवा स्वतःला इतके गुरफटून घेते, की सोडवताना पंख फाटतो. ज्या बाजूने ते शिरले त्याच बाजूने, बहुधा पायांपासून सुरुवात करून, धागा धागा उलटा काढायचा. हे काम घाईच्या माणसाचे नाही.

दुसरे साधन वीणा-सापळा. उभ्या चौकटीवर नायलॉनच्या तारा ताणलेल्या, वीणेसारख्या. अशा दोन रांगा थोड्या अंतराने. वटवाघूळ पहिली रांग चुकवते, दुसरीवर आपटते आणि घसरून खालच्या कापडी पिशवीत पडते. अरुंद गुहातोंडाशी आणि दाट वाटेवर हा सापळा जाळ्यापेक्षा सौम्य.

मग पिशवीतून एकेक काढायचे. बाहूचे हाड कॅलिपरने मोजायचे, स्प्रिंगच्या काट्यावर वजन करायचे, नर-मादी पाहायचे, मादी गाभण किंवा दूध पाजणारी असेल तर लगेच सोडायची. वय ओळखायची एक सुंदर युक्ती आहे : पंख उलगडून मागून टॉर्चचा उजेड टाकायचा. बोटांच्या सांध्यांत कूर्चेचा फिकट पट्टा उजेडात दिसला तर पोर, सांधा गोल आणि घट्ट दिसला तर प्रौढ. जनुकीय अभ्यासाला पंखाच्या पडद्यातून भिंगरीएवढाही नाही, तीन-चार मिलिमीटरचा ठिपका काढतात. तो काही आठवड्यांत भरून येतो. आणि जिथे पकडले तिथेच सोडायचे.

हातात जाड मोजे, तोंडाला मुखपट्टी, आणि आधी रेबीजची लस. ही केवळ शिस्त नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या अभ्यासकांना महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या, मार्च 2020 मध्ये पकडलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा मिळाल्या होत्या. याचा अर्थ गुहा जाळायच्या असा नाही. उलट विनाकारण गुहेत शिरू नये, वटवाघळांना हात लावू नये, असाच आहे. कोविडच्या काळात काही ठिकाणी लोक वटवाघळांच्या झाडांवर उठले होते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

तिसरी रीत सर्वांत नवी : पकडायचेच नाही, ऐकायचे. वटवाघळे आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात, हे 1938 नंतर डोनाल्ड ग्रिफिन यांच्या प्रयोगांतून सिद्ध झाले. आता ते आवाज यंत्रात टिपून जात ओळखता येते. उंच उडणारी वटवाघळे बरीच खालच्या स्वरात हाका देतात, कारण तसा आवाज दूर जातो. भारतीय अभ्यासकांनी 2015 मध्ये रॉटनच्या वटवाघळाची आवाजावरून ओळख कशी पटवायची हे प्रसिद्ध केले. जे जाळ्याच्या उंचीला कधी येणार नव्हते, ते आता खाली उभे राहून कळू शकते. 1912 मध्ये ज्यासाठी जीव घ्यावा लागत होता, त्यासाठी आता गुहेत पाऊलही टाकावे लागत नाही.

मात्र जुन्या कातड्यांना नाके मुरडू नयेत. 1948 मध्ये मदुराईकडच्या डोंगरांत मिळालेले एक फळखाऊ वटवाघूळ सोसायटीच्या संग्रहात साध्याच जातीच्या नावाने पडून होते. 1972 मध्ये थायलंडच्या कित्ती थोंगलोंग्या यांनी ते पुन्हा तपासले आणि ती नवीच प्रजाती निघाली. आज ती सालिम अलींच्या नावाने ओळखली जाते. कपाटातला नमुना चोवीस वर्षांनी बोलला.

कायदा आणि गाव

1972 च्या वन्यजीव कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत, ‘उपद्रवी’ म्हणून पाचव्या अनुसूचीत होती. त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या मांडीला मांडी लावून बसलेली वटवाघळे दोनच होती : सालिम अलींचे आणि आपले तळेवाडीचे. 2022 च्या दुरुस्तीने ती उपद्रवींची अनुसूचीच काढून टाकली.

2011 च्या डिसेंबरात भीमगड अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर. बेळगावच्या निसर्गप्रेमींनी त्यासाठी बरीच वर्षे पाठपुरावा केला होता, आणि बारापेडेचे वटवाघूळ हा त्यांच्या मागणीतला एक वजनदार मुद्दा होता. शिवकालीन किल्ल्याच्या नावाने अभयारण्य झाले, पण त्याची बाजू मांडायला एक वटवाघूळही उभे होते.

आता याची दुसरी बाजू. या अभयारण्यात तळेवाडी, गवाळी, पास्तोली, देगाव, कृष्णापूर, आमगाव अशी लहान लहान गावे आहेत. बोली मराठी-कोकणी. पावसाळ्यात ओढे भरले की वाट बंद. आजारी माणसाला झोळी करून खांद्यावरून न्यावे लागते. अभयारण्य झाल्यावर रस्ता, पूल, वीज या प्रत्येक गोष्टीला परवानगीचा अडसर. कंटाळून म्हणा, मुलांच्या शाळेसाठी म्हणा, काही कुटुंबांनी भरपाई घेऊन बाहेर पडायची तयारी दाखवली. 2025 मध्ये तळेवाडीपासून सरकारने या स्थलांतराला प्रत्यक्ष सुरुवात केली.

याला चूक किंवा बरोबर म्हणायचा अधिकार बेळगावात पंख्याखाली बसलेल्या मला नाही. ज्याने आजाऱ्याची झोळी खांद्यावर वाहिली, त्याने ठरवावे. वटवाघळांना शांतता मिळेल, हेही खरे. पण एक गोष्ट मात्र आपल्या अधिकारातली आहे. चिठ्ठीवर जे एकमेव स्थानिक नाव टिकले, ते गावाचे होते. आता गावच उठले, तर त्या नावामागे माणसांची आठवणही राहणार नाही. वटवाघूळ लंडनच्या संग्रहालयात सुरक्षित आहे. तळेवाडीची बोली, पाणवठ्यांची नावे, देवराईच्या सीमा, घाटाखाली उतरायच्या पायवाटा कुठल्याच कपाटात नाहीत.

म्हणून विनंती अशी. येत्या कोरड्या दिवसांत मंडळाच्या चार-पाच सभासदांनी तळेवाडीहून बाहेर पडलेल्या कुटुंबांना, ती जिथे राहायला गेली असतील तिथे, जाऊन भेटावे. वही आणि ध्वनिमुद्रण यंत्र न्यावे. घरांच्या जागा, शेतांची नावे, झरे, देव, सण, आजोबा-पणजोबांच्या गोष्टी टिपून घ्याव्यात. वटवाघळाला गावात काय म्हणत, बारापेडेकडे कोण जात, का जात, का जात नसत, हेही विचारावे. बोलणाऱ्याचे नाव, त्याची हरकत नसेल तर, प्रत्येक नोंदीवर लिहावे.

आणि गुहेकडे जाऊ नये. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि आपले तिथे काही कामही नाही. आपले काम माणसांकडे आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी मंडळाच्या चिटणिसांकडे नाव द्यावे.